आठ तलंगा

४ जानेवारी

प्रिय सूनबाई,

आशीर्वाद तर आहेतच, ते काही संपणारी वस्तू नाही. म्हणून थेट कामाचं लिहिते.

परसातलं खुराडं दोन वर्षं रिकामं पडलंय. तुझ्या नवऱ्याने जाळी ठोकली, आत वायर ओढली, दिव्याचा होल्डर बसवला, आणि कोंबड्या आणायच्या आतच आपला कायमचा निघून गेला. वायरमन माणूस, कोंबडीच्या आधी दिवा लागलाच पाहिजे! परवा मी सहज बटण दाबून बघितलं, तर दिवा लागला. रिकाम्या खुराड्यातला तो उजेड बघत मी उभी राहिले. तेव्हाच ठरवलं, कोंबड्या आणायच्या.

आता कुठल्या, ते तू सांग. शेजारच्या शिंपीभाऊंनी सगळी माहिती काढली आहे. ब्रॉयलर म्हणजे खायच्या. लठ्ठ होतात, सहा-सात आठवड्यांत कापायला तयार. लेअर म्हणजे अंड्यांच्या. पाच महिने नुसत्या फुकट खातात, पण एकदा सुरू झाल्या की दोन वर्षं थांबायचं नाव नाही. आणि गावठी. अंडी बेताची, मांस चिवट पण चवीचं, आणि मनात आलं की खुडूक होऊन बसतात, मग अंडी बंद आणि वर आपल्यालाच चोच मारतात. तुझा नवरा गावठीच्या बाजूचा होता आणि मी लेअरच्या. आम्ही दोघं हमरीतुमरीवर आलो होतो, तेव्हा तू मध्ये पडून म्हणालीस, आधी खुराडं तर होऊ द्या.

खुराडं झालं. आता भांडायला तो नाही आणि मध्ये पडायला तू नाहीस.

फोन करू नकोस. वसतिगृहाच्या ऑफिसातून बोलताना तू 'हो' आणि 'बरं' याच्या पुढे जात नाहीस. माझी उभी हयात छापखान्यात खिळे जुळवण्यात गेली, माझा कागदावरच विश्वास आहे.

तू कधी येणार, असं मी कुठेही विचारलेलं नाही, हे लक्षात घे.

तुझी सासू


१६ जानेवारी

आई,

नमस्कार. तुमचं पत्र पिठाच्या डब्यावर ठेवून वाचलं, त्यामुळे त्याला पीठ लागलंय. इथे नर्सिंगच्या मुलींच्या परीक्षा आल्यात आणि अभ्यासाने त्यांना भलतीच भूक लागते. सकाळी आलेले अंड्यांचे ट्रे संध्याकाळी रिकामे होतात.

आमच्या अंडीवाल्याला मी तुमचं प्रकरण सांगितलं. तो म्हणाला, लेअर घ्या. पण त्याला काय जातंय? माझं विचाराल तर ब्रॉयलर घ्या. सात आठवडे सांभाळायच्या, की काम संपलं. खुराडं धुवायचं, कडी लावायची, तुम्ही मोकळ्या. माणसाने मोकळं असावं, आई. कुठे जावंसं वाटलं तर जाता यावं. लेअर घेतल्या की दोन वर्षं रोजचं दाणापाणी, एक दिवस घर सोडता यायचं नाही.

मला मोठी खोली मिळाली. आधीच्या स्वयंपाकीणबाई निवृत्त झाल्या, त्यांची. दोन खाटा आहेत. खिडकीतून सकाळचं ऊन येतं. न्हाणीघर खोलीला लागूनच आहे, एकही पायरी चढावी लागत नाही. मागे थोडी मोकळी जागा आहे, तिथे कुणी काही लावत नाही. दुसऱ्या खाटेवर मी सध्या कपड्यांच्या घड्या ठेवते. हे सगळं तुम्हाला कशाला सांगतेय कुणास ठाऊक.

एक विचारू? तुमच्या ओळी हल्ली उजवीकडे उतरत जातात. पूर्वी कशा पट्टी ठेवल्यासारख्या असायच्या.

तुमची
सून


३० जानेवारी

प्रिय सूनबाई,

तुझा सल्ला वाचला. मोकळ्या व्हा, कडी लावा. इतकी घाई कशाची गं तुला माझ्या घराला कडी लावायची?

ब्रॉयलर आणल्या असत्या, पण कापणार कोण? ते काम त्याचं होतं. मी दार लावून आत बसायचे, आणि जेवायच्या वेळी सगळ्यांत आधी माझाच हात भांड्यात. शिवाय सात आठवड्यांत जायचंच असेल तर जीव लावायचा कशाला? कुठली लंगडते, कुठली भांडखोर, हे कळेकळेपर्यंत ती ताटात. माझ्याकडे जे येईल त्याने थोडं टिकावं, एवढंच माझं म्हणणं.

तेव्हा लेअर आणल्या. सायकलवर टोपली घेऊन एक जण आला होता. महिन्याभराची पिल्लं. म्हणाला, सगळ्या तलंगा होणार, एकही नर निघायचा नाही. इतक्या लहानपणी कसं ओळखलंस, असं मी विचारलं तर म्हणाला, नजर लागते आजी. नजरेचं मला सांगतो! भरल्या पानात एक खिळा उलटा बसला तर मी उभ्याउभ्या बोट ठेवायचे. एकेक पिल्लू हातात घेतलं, नीट निरखलं आणि आठ निवडली. आता चार-पाच महिन्यांनी अंडी. रात्री त्याचा दिवा लावून ठेवते, सगळी त्याखाली गोळा होऊन झोपतात.

ओळींचं म्हणशील तर टेबलाचा एक पाय आखूड झालाय.

दुसरी खाट मोकळी ठेवू नकोस. एखादी मैत्रीण आण. तुझं वय आहे, हसायला बोलायला कुणी हवं. म्हाताऱ्यांच्या आठवणी काढत बसू नकोस.

तुझी सासू


११ फेब्रुवारी

आई,

नमस्कार. म्हणजे तुम्ही लेअर आणल्याच. आता दोन वर्षं तुमचा पाय तिथून हलत नाही. बरं झालं. तुम्हाला सोबत हवी होती, ती मिळाली.

मैत्रीण नको आहे मला. भाज्या चिरणाऱ्या बायका आहेत, मुली आहेत, दिवसभर माणसांचाच गराडा असतो. पण परवा स्वयंपाकघरातला फ्यूज उडाला आणि अंधारात माझ्या तोंडून 'अहो' असं निघून गेलं. सगळ्या हसल्या. मीही हसले. मग कांदे चिरायला घेतले, म्हणजे कुणी विचारायला नको.

तिथे असते तर तुम्हाला सांगितलं असतं. तुम्ही म्हणाला असतात, मीसुद्धा हाक मारते. आणि मग आपण दोघींनी त्याला भरपूर शिव्या घातल्या असत्या, असा कसा गेलास म्हणून. इथे त्याला शिव्या घालायचा हक्क असलेलं माझ्याशिवाय कुणी नाही. एकटीने मजा येत नाही.

अंडीवाला विचारतो, पिल्लांचे तुरे कसे आहेत? बारीक आणि फिकट असले तर माद्या. बघून कळवा.

तुमची
सून


२२ एप्रिल

प्रिय सूनबाई,

उत्तराला उशीर झाला. पत्र लिहायला बसायचं म्हटलं की काही ना काही निघतं.

तुरे उत्तम आहेत. शिंपीभाऊ म्हणतात, चांगले मोठे, लालभडक. तब्येतीचं लक्षण आहे. अंगाने काटक आहेत, पण चाल बघशील तर छाती काढून, परस विकत घेतल्यासारखी. एकमेकींवर धावून जातात. बायकांत असं असतंच, मी छापखान्यात पाहिलंय.

त्यातली एक पहाटे जरा विचित्र ओरडते. वयात येताना घसा बसत असेल. शिंपीभाऊ भिंतीपलीकडून खोकल्यासारखं हसतात. त्या माणसाला दुसऱ्याच्या घरात चाललेलं काहीही बघवत नाही.

हाक मी पण मारते. तू लिहिलंस तेव्हा मी तुझं पत्र घेऊन खुराड्याशी बसले आणि त्याला शिव्या घातल्या, तुझ्या वाटच्या सुद्धा. तू असतीस तर आणखी दोन सुचल्या असत्या. घर अगदी खायला उठतं बघ कधी कधी.

पण हे काही तू मनावर घेऊ नकोस. तुझं तिथे चांगलं चाललंय.

तुझी सासू


५ मे

आई,

नमस्कार. तुरे मोठे, लालभडक, आणि पहाटे ओरडते. हे वाचून दाखवलं तेव्हा अंडीवाल्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच ओरडले. मनात शंकेची पाल चुकचुकली, पण तो म्हणाला, प्रत्यक्ष बघितल्याशिवाय काही सांगता येत नाही. तेव्हा मीही गप्प बसते.

मुलींना सुट्टी लागली की मला पंधरा दिवस मिळतील. येऊ का? तुमची कोंबड्यांची गडबड असेल तर राहू द्या. कुणाच्या घरी असं आपणहून जायचं म्हणजे जरा विचारलेलं बरं.

तुमची
सून


२० मे

सूनबाई,

कुणाच्या घरी? हे शब्द तू लिहिलेस की तुझ्या शेजारी कुणी बसून लिहायला लावले?

बरं, ते जाऊ दे. सुट्टी मिळतेय तर माहेरी जा, भावाकडे जा, चार दिवस मजेत काढ. इथे येऊन काय करणार? त्याच्या कपाटासमोर बसणार आणि रडणार, आणि मी तुला चहा करून देणार. मागच्या वेळी तेच केलंस. तुला तसं बघवत नाही मला.

तुझी सासू


९ जुलै

प्रिय सूनबाई,

घ्या! अंडी सुरू झाली!

पहिलं अंडं हातात घेतलं तेव्हा गरम होतं, आणि इतकं हलकं, की वाटलं मूठ मिटली तर फुटेल. आता रोज पाच-सहा. कुठे ठेवावी कळत नाही. त्याला म्हटलं, बघ, लेअरच बरोबर होत्या, तू हरलास. काही बोलला नाही, म्हणजे पटलं असावं.

शिंपीभाऊ अस्तराचं कापड आणायला तुमच्या गावी निघालेत. त्यांच्याजवळ दहा अंडी भुशात घालून देते. जपून काढ. तुझ्या मुलींना देऊ नकोस, तू खा. मागच्या फोटोत तुझी गालफडं बसलेली दिसली.

माझी काळजी करू नकोस. मी आणि माझ्या कोंबड्या मजेत आहोत. खरंच मजेत आहोत.

तुझी सासू


१७ जुलै

आई,

दहाच्या दहा अंडी शाबूत पोचली. शिंपीकाकांनी पेटी मांडीवर धरून आणली.

आई, कोंबडीने अंडं दिलं हे मी समजू शकते. पण त्यावर तारीख घालून दिलं? प्रत्येक अंड्यावर लाल गोल शिक्का आहे. वर दुकानाची खूण, खाली तारीख. तुमच्या कोंबड्या छापखान्यात लागल्या आहेत का?

मी खूप हसले. भाज्या चिरणाऱ्या बायकांना दाखवलं, त्याही हसल्या. आणि मग एक अंडं उजेडात धरून पुन्हा बघितलं. तो शिक्का बोटाच्या पेराएवढा आहे, लालभडक. तुम्ही ही अंडी एकेक करून भुशात ठेवलीत. उलटा खिळा उभ्याउभ्या शोधणाऱ्या माझ्या सासूला तो दिसला नाही. पिल्लांचे तुरे दिसले नाहीत. तुमच्या ओळी उतरतात आणि टेबलाचे चारही पाय सारखे आहेत, मी स्वतः ते पुसलंय कितीतरी वेळा. शिंपीकाकांना खोदून विचारलं. ते म्हणाले, दोनदा उंबऱ्याला अडखळून पडल्या, पण तुला कळवायचं नाही अशी शपथ घातली आहे.

मला राग आलाय, आई. तुमचा आणि माझाही.

मी ब्रॉयलर घ्या म्हणाले ते का, माहीत आहे? सात आठवड्यांनी तुम्ही मोकळ्या व्हाल आणि मी म्हणेन, या इकडे. दुसरी खाट मैत्रिणीसाठी नव्हती. न्हाणीघराला पायऱ्या नाहीत हे मी कुणासाठी लिहिलं? मला पायऱ्या चढता येतात. तुम्ही लेअर आणल्यात तेव्हा वाटलं, यांना यायचंच नाही. अंडी सुरू झाल्याचं वाचलं तेव्हा ताट तसंच सारलं. म्हटलं, झालं, आता दोन वर्षं.

सरळ विचारायला जीभ रेटली नाही. ज्याच्यामुळे मी तुमच्या घरात आले, तो गेला. आता मी तुमची कोण, हे मला कुणी सांगितलं नाही. तुम्ही 'ये' म्हणाला असतात तर धावत आले असते. तुम्ही म्हणालात, माहेरी जा.

डोळ्यांना काय झालंय, खरं खरं लिहा. मला तुमची फार आठवण येते. रोज येते, भाजी निवडताना, कुणी जोरात हसलं की, पाऊल वाजलं की. तुमच्या हातचा तो पाणचट चहासुद्धा आठवतो.

तुमची
सून


२८ जुलै

सूनबाई,

अक्षरं मोठी काढते आहे, एका पानात थोड्याच ओळी बसतील. आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही.

आठही कोंबडे निघाले. एकसुद्धा तलंग नाही. ना अंड्याचे ना मांसाचे, अंड्यांच्या जातीच्या नरांच्या अंगाला काही लागतच नाही म्हणे, म्हणून टोपलीवाले ते आमच्यासारख्यांना खपवतात. मला फिकट काय आणि लाल काय, सगळं राखेच्या रंगाचं दिसत होतं. सरळ सांगायचं सोडून ऐटीत निवडले. फजिती झाल्यावर तुला कळवायची लाज वाटली. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून अंडी आणली. चाचपून एकेक गुळगुळीत निवडलं. शिक्का बोटांना लागत नाही ना!

डोळ्यात मोतीबिंदू आहे. एक पिकलाय, दुसरा पिकतोय. तुझी पत्रं उन्हात भिंग धरून, एकेक अक्षर जुळवत वाचते. डॉक्टर म्हणतात, साधं ऑपरेशन आहे, सोबत माणूस आणा. ते ऐकून मी घरी परत आले. ऑपरेशनची भीती नाही. पट्टी काढल्यावर समोर कुणी नसलं तर, याची भीती वाटली. आणि खरं सांगू, त्याचा चेहरा मला आता फोटोत दिसत नाही. आरशासारखं नुसतं चकाकतं. मी त्या काचेवर हात फिरवते.

तुला बोलावलं नाही कारण तू लहान आहेस. तिथे तुझे चार पैसे आहेत, मान आहे, कदाचित उद्या कुणी माणूसही भेटेल. आंधळी सासू गळ्यात मारून घेतलीस तर तुझ्याकडे कोण बघेल? हे सगळं मी रोज स्वतःला बजावत होते. आणि रोज संध्याकाळी फाटकाची कडी वाजली की वाटायचं, तू आलीस. वेड्यासारखी उठून जायचे. शिंपीभाऊंची बकरी असायची.

तू विचारलंस, मी तुमची कोण. लोक म्हणतात, सुनेला मुलगी मानावं. मी नाही मानत. मुलगी घरातून जाते आणि सून घरात येते. मला जाणारी नको, येणारी हवी. तू सूनच राहा आणि ये. मला घेऊन जा. मला तिथे राहायचंय, तुझ्याजवळ, तू ठेवशील तितके दिवस.

कोंबडे शिंपीभाऊंना दिले. कापा म्हटलं. पण पहाटे अजून आठही ओरडतात, तेव्हा त्या माणसालाही ते जमलेलं दिसत नाही.

तुझी सासू


३ ऑगस्ट

आई,

शनिवारी दुपारच्या गाडीने येते. काही बांधाबांध करू नका, मी करीन. उंबऱ्यापाशी जाऊ नका. फाटकाची कडी वाजली तरी उठू नका, मी आत येईन.

इथल्या रुग्णालयाच्या नेत्र विभागातल्या मोठ्या डॉक्टरांना भेटले. त्यांच्या वॉर्डातल्या अर्ध्या नर्सा माझ्या हातचं जेवून पास झाल्यात. त्या नर्सा म्हणाल्या, तुमच्या सासूबाईंना आम्ही फुलासारखं सांभाळू. पट्टी काढतील तेव्हा समोर मी असेन, आणि माझी गालफडं बसलेली नाहीत हे तुम्ही स्वतःच बघा.

मागच्या मोकळ्या जागेत कोंबड्या पाळायला वॉर्डनबाईंनी परवानगी दिली. स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं आहेच. या वेळी अंडीवाला स्वतः आणून देणार आहे, पाच महिन्यांनी अंडी देणाऱ्या. मी त्याला म्हटलं, घाई नाही, आमच्याकडे आता पाच महिनेच काय, पुष्कळ वेळ आहे.

खोलीत दुसरं माणूस ठेवायचं तर वॉर्डनबाईंना नातं सांगावं लागतं. त्यांनी विचारलं, कोण येणार? मी म्हटलं, सासू. त्या हळूच म्हणाल्या, पण तुमचे यजमान तर नाहीत ना आता?

मी म्हटलं, नाहीत. सासू आहे.

तुमची
सून